आधी मीटर, मग पाना

जुनी गाडी काळा धूर सोडू लागली, प्लग काजळीने माखू लागले आणि अ‍ॅव्हरेज ढासळलं, की गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘सेन्सर गेलाय, बदलून टाकू.’ दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या गाडीला हे चालून जातं. पार्ट बाजारात मिळतो, लागू नाही पडला तर थोडे पैसे पाण्यात. पण समोर १९७० सालची व्होल्व्हो १८०० ई उभी असेल, तर असा अंदाजपंचे कारभार परवडत नाही. तिचा मुख्य सेन्सर नवा मिळणं दुरापास्त, आणि मिळालाच तर त्याची किंमत ऐकून आधी घाम पुसावा लागतो.

इतक्या जुन्या गाडीत सेन्सर आला कुठून? जर्मनीच्या बॉशने १९६७ साली ‘डी-जेट्रॉनिक’ ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली बाजारात आणली. ती पहिल्यांदा बसली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोक्सवॅगन १६०० वर. तिथे धुराचे कायदे कडक होत होते आणि कार्बोरेटरला इतकं काटेकोर माप जमत नव्हतं. मग व्होल्व्हो, साब, मर्सिडीज, सिट्रोएन डीएस, पोर्शे ९१४ अशा अनेकांनी ती उचलली. आपल्याकडेही इंजेक्शन सर्रास झालं ते कायद्याच्या धाकानेच, फक्त तीसेक वर्षांनी.

या प्रणालीचा मेंदू म्हणजे दोनेक डझन ट्रान्झिस्टरांचा एक डबा. इंधनाचा दाब साधारण दोन बारवर कायम ठेवलेला असतो, त्यामुळे इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा एवढंच त्याने ठरवायचं. धुरात ऑक्सिजन किती उरला हे त्याला कोणी सांगत नाही. डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा दिवा नाही, फॉल्ट कोड नाही, स्कॅनर लावायला जागा नाही. सेन्सर जे सांगतील ते खरं मानून तो निकाल देतो. म्हणून साक्षीदारांची उलटतपासणी आपणच करायची.

पहिला साक्षीदार कूलंटच्या तापमानाचा सेन्सर. पितळी बुंध्याचा, बोटाच्या पेराएवढा. तापला की त्याचा रोध कमी होतो. रोध जास्त असला की डबा समजतो इंजिन गार आहे, आणि पेट्रोल वाढवतो. म्हणजे सेन्सर आतून तुटला किंवा नुसती वायर निसटली, तरी तापलेल्या इंजिनाला डिसेंबरच्या पहाटेचा खुराक मिळत राहतो. उलट वायर बॉडीला चिकटून अर्थ झाली, तर डबा इंजिन तापलेलंच धरतो आणि सकाळी गाडी सुरू व्हायला रडते.

याची परीक्षा स्वयंपाकघरातही होते. सेन्सर दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात सोडायचा, तळाला टेकू द्यायचा नाही. शेजारी थर्मामीटर, मीटरचे चिमटे सेन्सरच्या पिनांना. २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास आकडा दिसतो. गॅस पेटवला की तो उतरू लागतो, आधी भराभर, मग सावकाश, आणि ८० अंशांना तीनशेच्या घरात येतो. मध्येच आकडा उडी मारू लागला किंवा गायब झाला, तर सेन्सर बाद. आकडे चोख असूनही गाडी धूर ओकत असेल, तर तेच माप डब्याच्या सॉकेटपाशी घ्यावं. पन्नास वर्षांच्या वायरीचं आवरण हात लावताच बिस्किटासारखं चुरतं, आणि बरेचदा खरा गुन्हेगार ती वायर किंवा गंजलेला कनेक्टर निघतो.

हा सेन्सर बदलणं सोपं आहे. इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं, थोडं कूलंट काढून घ्यायचं, जुना सेन्सर सोडवून नवा नव्या वॉशरसह बसवायचा. पितळेचे आटे असतात, तेव्हा पान्यावर जोर दाखवू नये. कूलंट भरल्यावर अडकलेली हवा काढायला विसरू नये.

दुसरा साक्षीदार मात्र राजेशाही. मॅनिफोल्डमधल्या दाबाचा हा सेन्सर मुठीएवढा, धातूचा, रबरी नळीने इंजिनाला जोडलेला. आत निर्वात डब्या असतात. दाब बदलला की त्या फुगतात-आक्रसतात आणि तारेच्या वेटोळ्यांमधला लोखंडी गाभा सरकवतात. शिवाय एक पातळ धातूचा पडदा असतो, फुल अ‍ॅक्सिलरेटरला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून. वर्षानुवर्षं वाकून वाकून या पडद्याला चीर जाते. बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला वाटतं इंजिनावर मोठा भार आहे, आणि पुन्हा तोच काळा धूर.

तपासणी दोन टप्प्यांत. चार पिनांपैकी एका जोडीत ९० ओहमच्या आसपास, दुसरीत ३५० च्या, आणि कुठल्याही पिनेपासून बॉडीपर्यंत काहीच जोड नाही, असं दिसलं तर वेटोळी ठीक. मग हातपंपाने व्हॅक्यूम ओढून काही मिनिटं काटा बघायचा. ओढताच खाली आला, तर पडदा फाटलाय.

पण त्याही आधी टॅपेट, टायमिंग आणि कॉम्प्रेशन. इंजिनच व्हॅक्यूम कमी बनवत असेल, तर सेन्सर खरं तेच सांगतोय आणि आपण निर्दोषाला फाशी देतोय. थंड इंजिनासाठी वेगळा इंजेक्टर असतो, तो गळत नाही ना, हेही बघून घ्यावं.

दुसऱ्या गाडीचा असाच दिसणारा सेन्सर लावायचा मोह फार होतो. नळी बसते, सॉकेट बसतं, गाडी सुरूही होते. पण प्रत्येक सेन्सर त्या त्या इंजिनासाठी जुळवलेला असतो, म्हणून अंगावरचा बॉशचा नंबर जुळलाच पाहिजे. नाहीतर पडदा बदलून जुनाच दुरुस्त करून घ्यावा, तेही मोजमापाची साधनं असलेल्या माणसाकडून. आतले सीलबंद स्क्रू ‘जरा फिरवून बघू’ म्हणणाऱ्यापासून गाडी लांब ठेवलेली बरी. तिथे अर्धा फेरा फिरला तरी माप बिघडतं.

डब्यावर एक छोटी घुंडीही असते. ती फक्त आयडलिंगचं मिश्रण बदलते. सेन्सर बसवून, गाडी चांगली तापवून, प्लगचा रंग पाहूनच तिला हात लावावा, आणि फिरवण्याआधी तिची मूळ जागा पेन्सिलीने खुणावून ठेवावी.