कर्जतचा बँकर आणि पेडलमधला बफर

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबली की प्रवाशांचं लक्ष फलाटावरच्या गरम बटाटावड्याकडे जातं. गाडीच्या शेपटीला त्याच वेळी जादा इंजिनं जोडली जात असतात. पुढे बोरघाट आहे आणि त्याचा चढ ३७ फुटांना एक फूट इतका खडा. मागून रेटणाऱ्या अशा इंजिनाला रेल्वेवाले ‘बँकर’ म्हणतात. बँकर गाडीला एकही डबा वाढवत नाही, तिचा मार्गही बदलत नाही. तो फक्त बळ देतो.

गिटारच्या अनेक डिस्टॉर्शन पेडलमधला पहिला ट्रान्झिस्टर नेमकं हेच काम करतो. त्याला इनपुट बफर म्हणतात. सूर फाडून त्याला रॉकची धार देणारा भाग त्याच्या पुढे असतो आणि कौतुकही त्याच्याच वाट्याला येतं. पण बफर आजारी असेल, तर पुढच्या भागापर्यंत सूर धड पोचतच नाही.

गिटारच्या पिकअपमध्ये लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची तार थरथरली की या वेढ्यांत व्होल्टेज तयार होतं, पण त्यामागे ताकद फारशी नसते. पुढच्या सर्किटने थोडा जास्त प्रवाह ओढला की सूर दबतो. सहा मीटरची केबलही पिकअपवर भार टाकते. दोन्हींचा फटका आधी वरच्या पट्टीतल्या चमकेला बसतो आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटतो. बफर पिकअपकडून जवळजवळ काहीच ओढत नाही आणि तेच व्होल्टेज पुढे दमदार करून देतो.

हा प्रश्न फक्त रॉकवाल्यांचा नाही. कर्जत-खालापूरच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत जी बेंजो पार्टी वाजते, तिच्या बेंजोलाही पिकअप बसवलेला असतो. या वाद्याचं मूळ जपानी ताइशोगोतोत आहे. गोरो मोरिता यांनी ते १९१२ मध्ये नागोयात घडवलं आणि भारतात ते बुलबुलतरंग म्हणून रुळलं. चुंबकी पिकअपचा बेंजो चुकीच्या इनपुटला जोडला, तर त्याचाही सूर असाच मलूल होतो.

दुरुस्ती समजून घ्यायला बॉस कंपनीचं नारिंगी डीएस-१ हे पेडल चांगलं उदाहरण आहे. १९७८ पासून ते बाजारात आहे आणि त्याचा बफर अगदी साधा आहे. ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ४७० किलोओहमचा रेझिस्टर, २एससी२२४० हा ट्रान्झिस्टर आणि त्याच्या एमिटर या पायाखाली १० किलोओहम, एवढाच त्याचा संसार.

पेडल बंद असतानाही सूर या बफरमधूनच जातो. निदानाची पहिली खूण इथेच मिळते. पाय दाबून इफेक्ट बंद केल्यावर साधा आवाज स्वच्छ येत असेल, तर इनपुट बफर ठीक आहे आणि दोष पुढे शोधायचा. दोन्ही वेळा शांतता असेल, तर जॅक, वीजपुरवठा आणि बफर तपासायचे.

जॅक आधी तपासावा, कारण माथेरानच्या पायथ्याशी जूनपासून चार महिने हवा ओलीच असते. अशा हवेत जॅकची पानं काळवंडतात. इनपुट जॅक बॅटरीचा स्विचही असतो, प्लग आत गेल्यावरच बॅटरीचं सर्किट पूर्ण होतं. त्यामुळे पान काळं पडलं की नवी बॅटरी घालूनही पेडल मुकं राहतं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि प्लगची चार-पाच वेळा ये-जा, एवढ्यावर अनेकदा काम भागतं.

तरीही आवाज नसेल, तर मीटर घ्यावा. ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या पायावर सुमारे नऊ व्होल्ट आणि एमिटरवर तीन-साडेतीन व्होल्ट दिसायला हवेत. बेस या तिसऱ्या पायावर मोजताना जुना काट्याचा मीटर फसवतो. तो स्वतःच प्रवाह ओढतो आणि खऱ्याच्या निम्म्याहून कमी व्होल्टेज दाखवतो. एमिटरवरचा आकडा भरवशाचा.

ट्रान्झिस्टर गेलाच असेल, तर कर्जतहून लोकल पकडून दादरला गाडी बदलायची आणि ग्रँट रोडला उतरायचं. तिथल्या लॅमिंग्टन रोडवर बीसी५४९ किंवा बीसी५५० सहज मिळतो आणि तो चालतोही. पण त्याच्या पायांचा क्रम वेगळा आहे. सपाट बाजू समोर धरली तर जुन्याचा क्रम एमिटर, कलेक्टर, बेस असा असतो आणि नव्याचा कलेक्टर, बेस, एमिटर. पाय न वळवता जुन्याच भोकांत बसवला, तर नवा ट्रान्झिस्टरही गप्प बसतो.

बफरमध्ये बदल करताना लोक सहसा आधी इनपुटचा कपॅसिटर मोठा करतात, खर्ज वाढेल या आशेने. हिशेब वेगळं सांगतो. ०.०४७ मायक्रोफॅरड आणि ४७० किलोओहम मिळून सुमारे ७ हर्ट्झच्या खालचं कापतात. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची. म्हणजे खर्ज इथे अडतच नाही, कपॅसिटर बदलून कानाला काही फरक पडणार नाही. उलट घुमणारा खर्ज आवरायचा असेल, तर तिथे ३.३ नॅनोफॅरड बसवावा. कापण्याची सीमा १०० हर्ट्झच्या आसपास येते आणि डिस्टॉर्शन नीट मोकळं ऐकू येतं.

दुसरा बदल ४७० किलोओहमच्या जागी एक मेगओहम लावण्याचा. पिकअपवरचा भार कमी होतो, चमक किंचित वाढते. एमिटरचं व्होल्टेज थोडं उतरतं, पण तीनच्या आसपास राहिलं तर चिंता नाही. एका वेळी एकच भाग बदलावा आणि प्रत्येक बदलानंतर तीच गिटार, तीच केबल लावून वाजवून पाहावं. काढलेला जुना भाग लहान पाकिटात घालून, त्यावर जागा लिहून पेडलच्याच डब्यात ठेवावा. नवा आवाज आवडला नाही, तर दहा मिनिटांत पेडल पूर्ववत होतं.