पातळ पाइपचं वेल्डिंग: भोक न पाडता

खिडकीच्या ग्रिलला वापरतात तो १६ गेजचा चौकोनी पाइप जेमतेम १.६ मिलिमीटर जाड असतो. आर्क एका जागी क्षणभर जास्त रेंगाळला, की भोक पडलंच. शिकताना एवढं सांभाळा:

● रॉड : ६०१३ प्रकारचा, २ मिमी जाडीचा. कोरडाच वापरा.
● करंट : ४० ते ६० अँपिअर. आधी त्याच पाइपच्या तुकड्यावर जुळवून पाहा.
● फट : कापलेली टोकं ग्राइंडरने घासून घट्ट भिडवा. फट राहिली, तर कडा वितळून मागे सरकतात.
● टाके : आधी चारही बाजूंना टॅक मारून गुण्या लावा. मग समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीने छोटे टाके घाला, म्हणजे पाइप वाकत नाही.
● उभा जोड : वरून खाली झरझर ओढा. उष्णता कमी साठते.
● भोक पडलं तर : थांबा. लाली जाऊ द्या, खपली झाडा, मग कडेकडेने ठिपके देत बुजवा.
● जपा : गॅल्वनाइज्ड पाइपचा जस्ताचा थर आधी घासून काढा, त्याच्या धुराने ताप भरतो. घासताना मास्क लावा, वेल्डिंगला मोकळी हवा ठेवा. १० नंबरची काच लावल्याशिवाय आर्क पेटवू नका. डोळे पुन्हा मिळत नाहीत.