‘ऐच्छिक’ ह्या शब्दाचे वजन

मराठीचा अध्यापक म्हणून मी आयुष्यभर ज्या शब्दाच्या छायेत वावरलो, तो शब्द ‘ऐच्छिक’. बडोद्यात मी शिकवीत असलेला विषय ऐच्छिक होता आणि वेळापत्रकात तास अपुरे पडले की पहिली कात्री त्यालाच लागे. निवृत्तीनंतर नगरकारभाराविषयी थोडे वाचन घडले, तेव्हा हाच शब्द तेथेही भेटला. आपल्या शहराला आज गुजरातच्या नावाने लागू असलेला, मूळचा १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम पालिकेची कर्तव्ये दोन गटांत मांडतो : बंधनकारक आणि ऐच्छिक. गटारे, रस्त्यांवरील दिवे पहिल्या गटात. शहरातील बससेवा दुसऱ्या. तिजोरी भरलेली असताना हा भेद कोणाच्या ध्यानातही येत नाही. ती आटली म्हणजे काय होते, ह्याचे स्पष्ट उदाहरण इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायर काउंटीत सापडते, म्हणून ते विस्ताराने सांगतो.

इंग्लंडमधील स्थानिक परिषदांना तुटीचा अर्थसंकल्प करता येत नाही. २०१० नंतर केंद्र सरकारने त्यांची अनुदाने मोठ्या प्रमाणावर कमी केली आणि ठरावीक मर्यादेबाहेर घरपट्टी वाढवायची तर सार्वमत घेणे भाग पडू लागले. निराधार मुले व परावलंबी वृद्ध ह्यांची काळजी मात्र कायद्याने बंधनकारक. दोष केवळ लंडनचा होता, असे मी म्हणणार नाही. ह्या काउंटीने स्वतःची पट्टी वर्षानुवर्षे कमी ठेवली आणि २०१७ मध्ये ५ कोटी ३० लाख पौंडांचे नवे मुख्यालय उघडले! पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, नव्या खर्चावर बंदी घालणारी नोटीस तिच्या वित्ताधिकाऱ्याला काढावी लागली.

कात्री चालली ती बस आणि ग्रंथालये ह्यांवर. दोहोंची गत मात्र सारखी झाली नाही आणि मला तेच बोधक वाटते. काउंटीतील ३६ ग्रंथालयांपैकी २१ बंद करण्याचा बेत होता. परंतु १९६४ च्या कायद्याने ‘सर्वसमावेशक व कार्यक्षम’ ग्रंथालयसेवा देणे हे परिषदेचे कर्तव्य ठरविले आहे. त्या आधारे पालक न्यायालयात गेले (काही ग्रंथालयांतच बालकेंद्रे चालत) आणि ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला. पुढे त्यांतील अनेक ग्रंथालये स्थानिक स्वयंसेवकांकडे गेली, हे खरे. पण दारे सरसकट बंद झाली नाहीत.

बसच्या पाठीशी असे काही नव्हते. लंडनबाहेर ऑक्टोबर १९८६ पासून बहुतेक ठिकाणी खासगी कंपन्या आपल्याला परवडतील तेच मार्ग चालवीत आल्या. उरलेल्यांपैकी कोणत्या मार्गांना पैसे द्यायचे ते परिषद ठरविते. १९८५ च्या कायद्यातील शब्द पाहावेत : परिषदेला ‘योग्य वाटेल’ तेवढी सोय तिने करावी. काउंटीने अनुदान काढून घेण्याचे ठरविले, तेव्हा न्यायालयात दाखवावा असा ठाम शब्द खेड्यातील माणसाजवळ नव्हता. ज्या घरी मोटार आहे त्याला ही कपात वर्तमानपत्रात वाचून कळते. ज्या म्हातारीला डॉक्टरांकडे जायचे असते तिला ती थांब्यावर उभी राहून कळते. आणि ग्रंथालय न्यायालयाने वाचविले, तरी तेथवर पोचायचे कसे? सयाजीराव महाराजांच्या काळी बडोदे संस्थानात पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरत, त्याची ह्या ठिकाणी आठवण होते.

एप्रिल २००८ पासून इंग्लंडमधील ज्येष्ठांना गर्दीची वेळ सोडून देशभर मोफत बसप्रवासाचा पास मिळतो. तो कायद्याने दिलेला हक्क आहे, म्हणून कोणत्याही परिषदेला तो काढून घेता येत नाही. नॉर्थॅम्प्टनशायरच्या खेड्यांतही तो वैध राहिला. खुद्द काउंटी परिषद १ एप्रिल २०२१ रोजी विसर्जित झाली आणि तिच्या जागी दोन नव्या परिषदा आल्या. कोणत्या मार्गाला पैसे द्यायचे, हे त्यांच्याही मर्जीवरच राहिले.