डोक्यातली ‘शीर’ आणि घराण्याचा धाक

“डोक्यातली शीर फुटली आणि तासाभरात सगळं संपलं.” नात्यागोत्यात कुणाबद्दल तरी हे वाक्य आपण ऐकलेलं असतं. त्यानंतर घरातले सगळेच मनातून धास्तावतात: आता पुढचा नंबर कुणाचा?

बोलताना आपण शीर म्हणतो, पण फुटते ती बहुतेकदा धमनी. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं. धमनी जिथे दुभागते, त्या बेचक्यात रक्ताचा मारा जास्त असतो. तिथली भिंत कमकुवत होऊन बाहेर फुगली की त्या फुग्याला अॅन्युरिझम म्हणतात. न्यूझीलंडसारख्या छोट्या देशाने या आजाराच्या अभ्यासात मोठा वाटा उचलला आहे. आपल्याकडचे बरेच समज तिथल्या आकडेवारीवर तपासून पाहता येतात.

पहिला समज म्हणजे फुगा सापडला की तो फुटणारच. प्रौढांपैकी सुमारे ३ टक्के लोकांच्या मेंदूत असा फुगा असतो आणि बहुतेकांना तो आयुष्यभर कळतही नाही. ऑकलंड, अॅडलेड, पर्थ आणि होबार्ट इथे १९९५ ते १९९८ या काळात झालेल्या पाहणीत फुगा फुटून होणारा रक्तस्राव वर्षाला लाखामागे सुमारे ८ जणांना झालेला आढळला. म्हणजे ढोबळमानाने लाखातले तीन हजार जण फुगा बाळगून असतात आणि वर्षभरात फुटतो तो आठ जणांचा. पण या रक्तस्रावात दर पाचांतले जवळपास दोघे दगावले. म्हणून खरा प्रश्न फुगा आहे का हा नाही, कुणाचा फुटेल हा आहे.

‘घराण्यात आहे’ या शब्दांनी सगळ्यात जास्त गोंधळ होतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मिळून एकाहून जास्त रुग्ण असलेल्या कुटुंबांचा मोठा अभ्यास केला. या कुटुंबांतल्या ज्या सख्ख्या नातलगांनी तिशी ओलांडली होती आणि ज्यांना धूम्रपानाची सवय किंवा बीपी होतं, अशांचे एमआरआय काढले. पहिल्या ३०३ जणांपैकी ५८ जणांत फुगा निघाला, म्हणजे जवळजवळ पाचात एक. याउलट नेदरलँड्समध्ये ६२६ सख्ख्या नातलगांना तपासलं, त्यांच्या घरात मात्र एकच रुग्ण होता. तिथे फुगा निघाला २५ जणांत, फक्त ४ टक्के. पहिल्या गटात धूम्रपान किंवा बीपी असलेलेच निवडले होते हे धरूनही, एक रुग्ण आणि एकाहून जास्त रुग्ण यांत अंतर दिसतं. म्हणूनच दोन किंवा अधिक सख्ख्यांना हा आजार झाला असेल तर तपासणीचा विचार होतो. एकाच रुग्णामुळे सगळ्या घराला मशीनमध्ये घालण्याने काळजी वाढते, हाती फारसं लागत नाही.

इथे आपली भाषा नकळत घोळ घालते. मामेभाऊ, चुलतभाऊ, आतेबहीण हे सगळे आपल्याला भाऊ-बहीणच. ऑकलंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला डॉक्टरांनी विचारलं की भावंडांपैकी कुणाला हे झालं होतं का, तर तो सहज चुलतभावाचं नाव घेईल. डॉक्टरांना हवे असतात फक्त आई-वडील, सख्खी भावंडं आणि मुलं. आपल्याजवळ त्यासाठी ‘सख्खा’ हा नेमका शब्द आहे, तो वापरावा. आणि ‘डोक्यात रक्त साकळलं होतं’ एवढ्यावर न थांबता जुने कागद शोधावेत. बीपीमुळे होणारा मेंदूतला रक्तस्राव वेगळा आणि फुगा फुटून होणारा वेगळा.

मग रक्त तपासून जनुकातच धोका पाहता येणार नाही का? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०,७५४ रुग्णांचे जनुक तपासून धोक्याशी संबंधित १७ जागा सापडल्या. प्रत्येक जागेचा वाटा लहान आहे, त्यामुळे त्यावरून एखाद्याचं भविष्य सांगता येत नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते: धूम्रपान आणि उच्च रक्तदाब यांकडे झुकवणारे जनुकीय घटकच या आजाराच्या धोक्यातही दिसतात. जनुकांचा वाटा लहान असण्याला ठळक अपवाद आहे पॉलिसिस्टिक किडनी या आनुवंशिक आजाराचा. त्या रुग्णांत साधारण दहात एकाला फुगा असतो.

ऑकलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या त्याच पाहणीत सिगारेट ओढणाऱ्यांचा धोका कधीच न ओढणाऱ्यांच्या सुमारे पाचपट निघाला. सोडलेल्यांचा मात्र जवळपास न ओढणाऱ्यांइतकाच. ‘आता सोडून काय उपयोग’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायला हवं. ‘मी तिला ती जड पिशवी उचलू द्यायला नको होती’ असं मनाला लावून घेणाऱ्या नवऱ्यालाही सांगायला हवं, की रक्तस्रावाआधीच्या दोन तासांत अंगमेहनत केलेले रुग्ण पाचांत एकच होते.

स्कॅनने सगळं कळतं, हाही समज अर्धाच खरा. साध्या एमआरआय अँजिओग्राफीत वाहतं रक्त उजळ दिसतं, म्हणून फुग्याचा आकार आणि जागा कळते. भिंत किती थकली आहे, ते त्यात दिसत नाही. त्यासाठी ठोक्याबरोबर होणारी हालचाल पाहायला हवी. तान्ह्या बाळाची टाळू उडताना आपण पाहिली आहे. पुढे टाळू भरते, तरी मेंदू आतल्या आत ठोक्यागणिक तसाच हलत असतो, मिलिमीटरच्या अंशाएवढा. गिस्बर्नची माताई संशोधन संस्था आणि ऑकलंड विद्यापीठ यांच्या समँथा होल्ड्सवर्थ आणि अमेरिकेतले त्यांचे सहकारी यांनी ही हालचाल कितीतरी पट मोठी करून दाखवणारा त्रिमित एमआरआय २०२१ मध्ये मांडला. चित्रफितीत अख्खा मेंदू श्वास घेतल्यासारखा फुलताना दिसतो. असा ठोका फुग्याच्या भिंतीवर कसा पडतो, हे वाचता आलं तर ‘कुणाचा फुटेल’ या प्रश्नाला हात घालता येईल. आज ते संशोधन आहे, दवाखान्यातली चाचणी नव्हे.

रोजच्या डोकेदुखीने घाबरून जाऊ नये, न फुटलेला फुगा बहुधा गप्पच असतो. पण वीज कडाडावी तशी क्षणात टोकाला जाणारी, आयुष्यात कधी अनुभवली नव्हती अशी डोकेदुखी झाली, सोबत उलटी झाली किंवा मान ताठली, तर बाम चोळत सकाळची वाट पाहू नये. लगेच फोन करावा: न्यूझीलंडमध्ये १११, महाराष्ट्रात १०८.