सामायिक इलेक्ट्रॉनिक नोंदवही : मांडणी, बिघाड आणि नोंदीचे कर्तृत्व

प्रयोगशाळेत पाळीपाळीने काम करणारी माणसे एकमेकांसाठी नोंदवही लिहीत असतात. कोणते यंत्र किती वाजता बंद पडले, कोणी कोणता बदल केला, पुढील पाळीवाल्याने काय पाहावे, हे तीत उतरते. ही वही संगणकाच्या जाळ्यावरून अनेकांना एकाच वेळी लिहिता-वाचता यावी यासाठी स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेत श्टेफान रिट या भौतिकशास्त्रज्ञाने एकविसाव्या शतकाच्या आरंभी ‘ईलॉग’ ही आज्ञावली तयार केली. ती मुक्तस्रोत आहे आणि तिची रचना विलक्षण साधी आहे. ती स्वतःच एक छोटा सर्व्हर असून तिला स्वतंत्र डेटाबेस लागत नाही. त्या त्या दिवसाच्या नोंदी एका साध्या मजकूर-फायलीत साठतात. प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर क्रमांक, दिनांक, कर्ता यांसारखी ‘लक्षणे’ आणि त्यांखाली मजकूर. मराठी दप्तरांशी परिचय असलेल्याला येथे रोजकीर्दीची आठवण होणे स्वाभाविक आहे. साधर्म्य मात्र दिवसवार क्रमापुरतेच आहे. रोजकीर्दीतील जुने पान नव्याने लिहिले तर ते हस्ताक्षरावरून, शाईवरून ओळखू येते. या वहीत ते ओळखू येत नाही, आणि सामायिक वापराच्या बहुतेक अडचणींचे मूळ तेथे आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला अशा वहीची गरज पडते ती सामूहिक वाचनात. समजा, तंजावरच्या सरस्वतीमहाल ग्रंथालयातील नाट्यहस्तलिखितांचे वाचन मराठी, तमिळ आणि तेलुगू जाणणारे अभ्यासक मिळून करीत आहेत. तंजावरच्या शहाजीराजांच्या ‘पंचभाषाविलासा’सारखी रचना समोर असेल, तर एकच प्रवेश तीन-चार वाचकांच्या हातून जावा लागतो, कारण पाचही भाषांवर सारखा अधिकार असणारा वाचक क्वचितच मिळतो. प्रत्येकाने केलेले वाचन, घेतलेली शंका, नंतर बदललेले मत हे सारे नोंदले गेले, तरच पुढे सिद्ध होणाऱ्या संहितेतील प्रत्येक पाठाची जबाबदारी सांगता येते. हा तपशील एकदा हरवला की तो पुन्हा मिळवता येत नाही, कारण आपण महिन्यापूर्वी अमुक अक्षर कसे वाचले होते हे वाचकाच्या स्वतःच्याही स्मरणात राहत नाही.

ईलॉगची सारी मांडणी एका संरचना-फायलीत असते. तिचा ‘ग्लोबल’ हा विभाग सर्व वह्यांना लागू होतो आणि त्याखाली प्रत्येक वहीचा स्वतंत्र विभाग येतो. लक्षणे कोणती, त्यांतील अनिवार्य कोणती, पर्याय कोणते, हे येथे ओळीओळीने लिहायचे असते. तांत्रिकदृष्ट्या हे काम अर्ध्या तासाचे आहे. पण त्यातला प्रत्येक निर्णय वाङ्मयीन आहे. ‘नोंदीचा प्रकार’ या लक्षणाखाली ‘पाठभेद’ आणि ‘लेखनदोष’ असे दोनच पर्याय ठेवले, तर नोंद करणाऱ्याला वाचनाच्या पहिल्या क्षणीच निवाडा द्यावा लागतो. लेखकूची चूक कोणती आणि दुसऱ्या परंपरेतला पाठ कोणता, हे ठरवण्यासाठीच तर वाचन चाललेले असते. ‘वेगळे वाचन’ असा तटस्थ पर्याय ठेवून निवाड्यासाठी निराळे लक्षण योजणे अधिक शहाणपणाचे. भाषेचेही तसेच. साध्या पर्यायसूचीतून एकच भाषा निवडता येते, म्हणून एकाच ओळीत तेलुगू क्रियापद आणि मराठी नाम आले की नोंद करणारा अडतो आणि नाइलाजाने एक भाषा गाळतो. अनेक पर्याय एकदम निवडू देणारी ‘एमऑप्शन्स’ ही आज्ञा येथे योजावी लागते. याउलट ‘एक्स्टेंडेबल ऑप्शन्स’ ही सोय मोहक असली तरी जपून वापरावी. तिने कोणालाही सूचीत नवा पर्याय घालता येतो आणि थोड्याच दिवसांत ‘तंजावर’, ‘तंजावूर’ व ‘तंजौर’ अशी तीन गावे वहीत नांदू लागतात.

एखाद्या लक्षणाचे नाव मध्येच बदलणे, हा यातला सर्वांत फसवा प्रकार. ‘प्रत’ या लक्षणाचे ‘हस्तलिखित’ असे नामांतर केले की जुन्या नोंदींतील ती माहिती पडद्यावरून नाहीशी होते. वही बिघडली अशी तक्रार येते. वस्तुतः मजकूर फायलीत जसाच्या तसा असतो, केवळ आज्ञावली त्याला नव्या नावाने शोधीत असते. अशा वेळी जुन्या नोंदी कोणी संपादित करण्यापूर्वीच जुने नाव परत आणावे किंवा फायलींची प्रत काढून मग त्यांत सर्वत्र नामबदल करावा.

कर्तृत्वाचा प्रश्न याहून नाजूक आहे. पुष्कळ ठिकाणी सोयीखातर साऱ्या गटाला एकच परवलीचा शब्द दिला जातो आणि कर्त्याचे नाव ज्याने त्याने हाताने लिहावे अशी अपेक्षा असते. कोणी पूर्ण नाव लिहितो, कोणी आद्याक्षरे, कोणी काहीच नाही. सामायिक वही म्हणजे सामायिक प्रवेशखाते, हा गैरसमज आधी दूर व्हायला हवा. प्रत्येकाचे खाते वेगळे ठेवून ‘प्रीसेट’ या आज्ञेने कर्त्याचे लक्षण प्रवेशखात्यातील नावावरून आपोआप भरले जावे आणि ‘लॉक्ड अॅट्रिब्यूट्स’ने ते बंद राहावे. ‘रिस्ट्रिक्ट एडिट’ ही आज्ञा ज्याची नोंद त्यालाच ती बदलू देते. पण तीही या नावाच्याच आधारे चालते. म्हणूनच आज्ञा लिहूनही ती लागू होत नाही, किंवा कर्त्यालाच स्वतःची नोंद बदलता येत नाही, अशा तक्रारी आल्या की प्रथम कर्त्याचे लक्षण तपासावे. ‘रिस्ट्रिक्ट एडिट टाइम’ने नोंद ठरावीक तासांनंतर कायमची मिटते. वाचनगटांसाठी ही आज्ञा फार मोलाची आहे, कारण तिच्यामुळे बदललेले मत जुन्या नोंदीवर न चढता तिच्या खाली उत्तर म्हणून येते, आणि मतांचा क्रम टिकतो. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावले होते. त्यांना ही विनंती वाचकाच्या विवेकावर सोपवावी लागली. येथे एका ओळीने ती बंधनकारक होते. मात्र ही ओळ खोडण्याचा अधिकार असणारा व्यवस्थापक कोण, हे गटाने उघडपणे ठरवलेले असावे.

दोघांनी एकच नोंद एकाच वेळी उघडली, तर नंतर जतन करणाऱ्याचा मजकूर राहतो आणि आधीच्याचा जातो. ‘यूज लॉक’ ही आज्ञा दिली असता पहिला लेखक नोंद उघडताच तिला कुलूप लागते व दुसऱ्याला तसा इशारा मिळतो. पहिल्याने जतन न करताच ब्राउझर बंद केला तर कुलूप लटकतच राहते. ते मोडण्याची सोय आहे, पण त्या व्यक्तीला विचारल्यावाचून ती वापरू नये. कुलपामुळे टक्कर टळते. जुना पाठ मात्र राखला जात नाही. ‘सब्स्ट ऑन एडिट’ने कोणी आणि केव्हा बदल केला हे एखाद्या लक्षणात जमा करता येते, पण काय बदलले ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी नोंदींचा सारा फोल्डर ‘गिट’सारख्या आवृत्तिनियंत्रण-प्रणालीखाली ठेवावा लागतो. नोंदी साध्या मजकुरात असल्यामुळे हे सहज जमते, आणि दोन दिवसांतील फरक प्रत्याप्रतींच्या तुलनेसारखा ओळीशी ओळ लावून पाहता येतो.

भारतीय भाषांत काम करणाऱ्यांची खरी कसोटी लिपिसंकेतनात लागते. जुन्या आवृत्त्यांत पश्चिम युरोपीय भाषांचे संकेतन गृहीत धरलेले असे. अशा वहीत देवनागरी लिहिली तर ब्राउझर प्रत्येक अक्षराऐवजी त्याचा अंकी संकेत पाठवतो. फाईल उघडल्यावर मजकुराऐवजी आकड्यांच्या रांगा दिसतात आणि शोध भरवशाचा राहत नाही. संरचना-फायलीत यूटीएफ-8 हे संकेतन पहिल्या नोंदीपूर्वीच स्पष्टपणे नमूद करावे. मध्येच बदल केल्यास एकाच वहीत दोन संकेतने नांदतात.

यूटीएफ-8 असूनही शोध फसतो, तेव्हा कारण अधिक खोल असते. ‘दुसऱ्या’ हा शब्द पडद्यावर एकच दिसला तरी त्यातला अर्धा ऱ संगणकात दोन रीतींनी लिहिलेला असू शकतो : ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा र, हलन्त आणि त्यानंतर अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना अभेद, यंत्राला भेद. मल्याळममध्ये चिल्लू अक्षरांना 2008 साली युनिकोडच्या 5.1 या आवृत्तीत स्वतंत्र संकेत मिळाले. त्यापूर्वीचा मजकूर जोडचिन्हाच्या जुन्या रीतीने लिहिलेला असल्याने त्या भाषेच्या वाचकांनाही हाच अनुभव येतो. ज्या कामात पाठभेद शोधायचा आहे, तेथे टंकलेखनाने निर्माण झालेला भेद हस्तलिखितातला भेद म्हणून नोंदला जाण्याचा धोका उघड आहे. सर्वांनी एकच कळफलक-मांडणी वापरावी आणि मोजणी करण्यापूर्वी मजकूर एका रूपात आणावा, याला पर्याय दिसत नाही. कालोल्लेखांबाबतही एक पथ्य आहे. ‘दिनांक’ जातीचे लक्षण कामाच्या तारखेसाठी ठेवावे. पोथीवरील शक आणि तिथी साध्या मजकुराच्या लक्षणात जशीच्या तशी उतरावी.

निव्वळ यांत्रिक बिघाड तुलनेने सोपे असतात. आज्ञावली सुरूच होत नसेल तर बहुधा 8080 हा तिचा नेहमीचा पोर्ट दुसऱ्या सेवेने व्यापलेला असतो. वाचता येते पण लिहिता येत नाही, असे प्रतिग्रह परत आणल्यानंतर हमखास घडते. तेव्हा फायलींची मालकी प्रशासकाच्या खात्याकडे गेलेली असते आणि ईलॉग ज्या खात्याने चालते त्याला लेखनाधिकार उरत नाही. विद्यापीठाच्या मुख्य सर्व्हरमागे वही ठेवल्यास प्रवेशानंतर वाचक भलत्याच पत्त्यावर फेकला जातो. संरचना-फायलीत ‘यूआरएल’ या आज्ञेपुढे बाहेरून दिसणारा पूर्ण पत्ता लिहिला की हे थांबते. प्रत्येक नोंदीची टपाल-सूचना सर्वांना गेली तर आठवड्याभरात ती कोणी उघडत नाही, म्हणून सूचना लक्षणांच्या मूल्यांनुसार वाटून द्याव्यात : तेलुगू वाचनाच्या नोंदी तेलुगू वाचकांना.

दोन विद्यापीठांत वहीच्या दोन प्रती ठेवून त्या परस्परांशी जुळवण्याची सोयही ईलॉगमध्ये आहे. दोन्हीकडे एकच नोंद बदलली गेली असेल तर आज्ञावली संघर्ष दाखवते आणि निर्णय माणसावर सोडते. दोन्हीकडे एकाच क्रमांकाची नवी नोंद पडली असेल, तर मात्र एकीचा क्रमांक बदलण्याचा संभव असतो. प्रबंधाच्या तळटीपेत ‘नोंद क्र. 214’ असा निर्देश एकदा छापला गेला, की या बदलाचा अर्थ गंभीर होतो. तेव्हा नवी नोंद एकाच ठिकाणी व्हावी, दुसरी प्रत केवळ वाचनासाठी असावी, आणि निर्देश देताना क्रमांकाबरोबर वहीचे नाव, कर्ता व दिनांकही द्यावा.