पापलेटला बारकोड नसतो

ज्यांना ऑडिओ ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. मी अडखळलो ती वाक्यं आणि मागची कुकरची शिट्टी गाळलीय. बाकी जवळपास तसंच आहे.

आजचा विषय मासळी बाजार. सिंगापूरकडे अशा बाजाराला 'वेट मार्केट' म्हणतात, म्हणजे ओला बाजार. बर्फ वितळतोय, ओटे धुतले जातायत, चप्पल घसरतेय, असा बाजार. आपल्याकडेही ओली मासळी आणि सुकी मासळी असा फरक करतातच. तर हा ओला बाजार ऑनलाइन डिलिव्हरीने वाचवता येईल का, असा प्रश्न एका श्रोत्याने विचारला होता. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, कारण मी ते एकदा करून बघितलंय आणि चांगलाच आपटलोय.

झालं असं. आमच्या घराजवळच्या मासळी बाजारात एक मावशी बसतात. माझी आजी त्यांच्या सासूकडून मासे घ्यायची, आई त्यांच्याकडून घेते. दोन वर्षांपूर्वी मावशी म्हणाल्या की गिऱ्हाईक कमी झालंय, नवीन टॉवरमधली मंडळी खाली उतरतच नाहीत. मी इंजिनिअर. म्हटलं, एवढंच ना? एका डिलिव्हरी ॲपवर त्यांचं दुकान उघडून दिलं. ॲपचं नाव सांगत नाही, कारण नाव महत्त्वाचं नाहीये. चार महिन्यांनी मावशी म्हणाल्या, "बाळा, ते काढून टाक मोबाईलमधून. मला परवडत नाय."

मी हिशोब काढायला बसलो तेव्हा कळलं की चूक मावशींची नव्हतीच. चूक होती डेटा मॉडेलची.

कुठलंही किराणा ॲप ज्या पायावर उभं असतं त्याला एसकेयू म्हणतात. म्हणजे विक्रीचा एक ठरलेला नग. अमुक ब्रँडचं बिस्किट, अमुक ग्रॅम, अमुक किंमत. एक पुडा आणि दुसरा पुडा यात काही फरक नाही, आणि म्हणूनच सॉफ्टवेअरला ते मोजता येतं. आता मावशींच्या ओट्यावर या. मांदेली आणि करंदी वाट्यावर. बांगडे नगावर. पापलेट आकार बघून जोडीवर. सुरमई कधी अख्खी, कधी तुकड्यांवर. वाटा म्हणजे किती ग्रॅम? कुणी सांगणार नाही. सकाळचा वाटा आणि दुपारी साडेबाराचा वाटा एकाच भावात वेगवेगळा असतो, कारण बाराच्या पुढे मावशींना टोपली रिकामी करायची असते.

नावांचा तर आनंदच होता. ॲपच्या यादीत 'रावस' नव्हता, 'इंडियन सॅल्मन' होता. काणे शोधायला गेलो तर 'लेडीफिश'. बोंबील 'बॉम्बे डक' म्हणून सापडला तेव्हा मावशी जे हसल्या, ते मी रेकॉर्ड करायला हवं होतं.

मग वेळ. सकाळी सातच्या डिलिव्हरीसाठी आदल्या रात्री दहापर्यंत माल आणि भाव टाकायचा असा नियम. मावशींना माल कळतो पहाटे पाचला, ससून डॉकवर लिलाव लागल्यावर. रात्री दहाला त्या झोपलेल्या असतात आणि मासे समुद्रात किंवा बोटीच्या बर्फात असतात. मी अंदाजाने यादी टाकायचो. सकाळी हलवा मिळालाच नाही की ऑर्डर रद्द. ऑर्डर रद्द झाली की रेटिंग खाली. रेटिंग खाली गेलं की दुकान यादीत तळाला.

आणि सगळ्यात जास्त पैसे गेले ते वजनात. बाजारात तुम्ही समोर उभे असता. मासा किलोभर भरतो, तुम्ही काटा बघता, मग मावशी खवले काढतात, पोट साफ करतात, कल्ले टाकतात. हातात येतो तो पाऊण किलोच्याही आत. कुणी भांडत नाही, कारण डोळ्यांदेखत झालेलं असतं. ॲपवरून मागवणारा घरी किचनच्या काट्यावर ठेवतो, फोटो काढतो, 'वजन कमी' अशी तक्रार टाकतो. रिफंड आपोआप. चार महिन्यांत असे साडेतीन हजार रुपये मावशींच्या खात्यातून कापले गेले. तक्रारीवर त्यांचं म्हणणं मांडायला इंग्रजीत एक फॉर्म होता. मी दोनदा भरला. उत्तर आलं नाही.

कमिशनचं गणित तुम्हीच करून बघा. समजा ८०० रुपयांचा माल विकला. लिलावात तो ६५० ला घेतला, बर्फ आणि टेम्पोचे ४० गेले, उरले ११०. आता ॲपने २० टक्के घेतले तर गेले १६०. म्हणजे मावशींनी स्वतःच्या खिशातून ५० रुपये घालून तुम्हाला मासे खाऊ घातले. हातात ८०० यायला हवेत तर ॲपवर किंमत १००० लावावी लागते. मग कॉमेंट येते, 'मार्केटपेक्षा महाग, लुटतात.' ब्रँडेड मालावर कमिशन कंपनी सोसते, इथे ते एका बाईच्या दिवसाच्या मजुरीतून जातं.

कागदपत्रांचं सांगायचं राहिलंच. ओट्याचा परवाना अजून सासूबाईंच्या नावावर, बँक खातं मावशींच्या, मोबाईल नंबर मुलाच्या. पडताळणीत तीन नावं जुळेनात. ही अडचण फक्त आमच्या मावशींची असेल असं मला वाटत नाही. जिथे धंदा सासूकडून सुनेकडे येतो तिथे कागद नेहमीच एक पिढी मागे असतो.

तुम्ही म्हणाल, मासे तर ऑनलाइन विकले जातातच. हो, लिशियससारखी कंपनी २०१५ पासून आहे, बंगळुरूची. पण नीट बघा, तिथे कंपनी माल स्वतः घेते, स्वतः साफ करते, स्वतःच्या नावाच्या पाकिटात देते. माशाचा एसकेयू बनवायचा असेल तर तो रस्ता सरळ आहे. गिऱ्हाइकाला मासे मिळतात, फक्त त्या साखळीत ओट्यावर बसणारी बाई नसते. ऑनलाइन मासे विकणं आणि मासेवालीला ऑनलाइन आधार देणं ही दोन वेगळी कामं आहेत.

मग ओएनडीसी? हे थोडं समजावून सांगतो, कारण बऱ्याच जणांना ते ॲप वाटतं. ते ॲप नाही. केंद्र सरकारच्या पुढाकाराने ३१ डिसेंबर २०२१ ला नोंदवलेली ही ना-नफा कंपनी, आणि तिचं जाळं बेकन नावाच्या खुल्या प्रोटोकॉलवर चालतं. यूपीआयमध्ये कसं तुमचं ॲप एक, दुकानदाराचं दुसरं, तरी पैसे पोचतात? तसंच इथे गिऱ्हाइकाचं ॲप वेगळं आणि विक्रेत्याचं वेगळं असू शकतं. एकाच कंपनीच्या मुठीत राहावं लागत नाही, ही त्यातली मोठी गोष्ट. पण वाटा, साफ केल्यानंतरचं वजन, पहाटे पाचचा भाव, हे प्रश्न प्रोटोकॉल बदलून सुटत नाहीत.

सिंगापूरचं उदाहरण मला यासाठी आवडतं. एप्रिल २०२० मध्ये तिथे कोविडचे निर्बंध आले आणि बाजारात जाणं अवघड झालं. तेव्हा लिटल इंडियातल्या टेक्का मार्केटमधले विक्रेते फेसबुक लाइव्हवर आले. म्हणजे काय, तर मासेवाला कॅमेऱ्यासमोर मासा उचलून धरतो, बघणारा खाली लिहितो 'हा मला'. कॅटलॉग नाही, एसकेयू नाही. ओटाच मोबाईलमध्ये उचलून आणला. विक्रेत्याचं बोलणं, दाखवणं, सुचवणं तसंच राहिलं.

त्याच वर्षी जूनमध्ये तिथल्या सरकारने 'हॉकर्स गो डिजिटल' नावाची योजना काढली. वेट मार्केटमधल्या विक्रेत्यांनाही ती लागू होती. महिन्याला किमान २० डिजिटल व्यवहार केले तर महिना ३०० सिंगापूर डॉलर, पाच महिने. बोनस विक्रेत्याच्या हातात, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडची ॲप्स सवलतीचे कूपन गिऱ्हाइकाला देतात. शिकण्याचा त्रास मात्र मावशींचा, आणि चुकांचा दंडही त्यांनाच.

आता मावशींकडे परत येतो. ॲप काढल्यावर मला अपराधी वाटत होतं, म्हणून एक रविवार मी ओट्यामागे स्टुलावर नुसता बसून राहिलो. लोक काय मागतात ते लिहून घेतलं. 'पापलेट ५०० ग्रॅम' असं जवळपास कुणीच म्हणत नव्हतं. लोक म्हणत होते, "मावशी, पाहुणे येतायत, सहा माणसं, तळायला काहीतरी द्या." "चारशेच्या आत बसवा." "बाळंतिणीला काय चालेल?" आणि मावशी ठरवत होत्या. त्या मासा विकत होत्याच, पण त्याहून जास्त त्या निवडून देत होत्या. माझ्या ॲपने नेमकं तेच काम त्यांच्या हातातून काढून गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर ठेवलं होतं, आणि त्या गिऱ्हाइकाला काणे आणि बोंबील यातला फरकही माहीत नव्हता.

म्हणून दुसऱ्यांदा मी जे बनवलं ते लाज वाटेल इतकं साधं आहे. एक फॉर्म, तीन प्रश्न. किती माणसं? कालवण की तळायला? किती रुपयांपर्यंत? रात्री भरून ठेवायचा. पहाटे त्याची यादी मावशींच्या मुलाच्या व्हॉट्सॲपवर जाते. मावशी डॉकवरून माल बघून घेतात. आठच्या सुमारास ज्याच्या त्याच्यासाठी फोटो आणि व्हॉइस नोट, "तुमच्यासाठी दोन हलवे काढलेत, साडेपाचशे, साफ करून देते." वजन काट्यावर दिसतं, तेही साफ करण्याआधीचं. हो म्हटलं की यूपीआय, मग भाचा स्कूटरवरून पोचवतो. डिलिव्हरीचे ३० रुपये वेगळे, ते भाच्याचे. कमिशन नाही, कारण मधे कुणी नाही. मी आहे, पण मला महिन्यातून एकदा तिसऱ्या मिळतात.

हे मोठं होईल का? एवढ्यावर नाही. भाच्याची स्कूटर एका सकाळी वीस-बावीस घरांच्या पुढे जात नाही, आणि बुधवार, शुक्रवार, रविवार सोडले तर बाकी दिवशी त्याचं पेट्रोलही निघत नाही. सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला तर विचारूच नका. खरा उपाय एका ओट्याचा नसून अख्ख्या बाजाराचा असावा असं मला वाटतं. दाराशी एकच पॅकिंगचं टेबल, एक फ्रीझर, दोन मुलं. मावशींचे मासे, पलीकडच्या भय्याची कोथिंबीर आणि लिंबू, कोपऱ्यावरचा नारळ, सगळं एका पिशवीत, एका फेरीत. डिलिव्हरीचा खर्च वाटला जातो आणि पापलेट कुणाचं हे गिऱ्हाइकाला माहीत असतं. बाजाराच्या विक्रेत्यांनी एकत्र येऊन किंवा पालिकेने जागा देऊन हे होऊ शकतं. सॉफ्टवेअर यात दोन शनिवार-रविवारचं काम आहे. जागा, वीज आणि बर्फ हे अवघड काम आहे.

ऐकणाऱ्यांपैकी कुणाला आपल्या बाजारासाठी हा फॉर्म हवा असेल तर मला लिहा, तसाच देतो. एकच अट, यादीत नावं आपल्या भाषेतली ठेवा.

आणि हो, पावसाळ्याचं काय केलं? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. त्या ॲपवर दोन महिने माल नाही म्हणजे दुकान 'निष्क्रिय'. यंदा १ जूनला सकाळी मावशींची व्हॉइस नोट सगळ्या घरांना गेली. "समुद्र बंद झालाय. सुके बोंबील आहेत, सोडे आहेत, जवळा आहे. पाव-पाव किलो घेऊन ठेवा, श्रावणाच्या आधी संपेल." दुपारपर्यंत सोडे संपले होते. आमच्या घरी जवळाच आला.