मुक्काम कुठे करावा?

सुट्टी जवळ आली की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. पूर्वी सहल म्हणजे देवदर्शन, नाहीतर मामाचे गाव. आता मुले शाळेतून येतात ती इमॅजिकाचे नाव घेऊनच. आमच्याही घरात तसेच झाले.

इमॅजिका म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगतो. रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, खोपोलीहून पालीला जाणाऱ्या रस्त्यावर ही करमणुकीची जागा आहे. 2013 साली ती सुरू झाली. आत मोठमोठे पाळणे आहेत. उलटीसुलटी धावणारी गाडी आहे, तिला रोलर कोस्टर म्हणतात. संध्याकाळी सोंगांची मिरवणूक निघते. शेजारीच 2014 साली पाण्याचे पार्क झाले. तिथे घसरगुंड्या आणि लाटांचे तळे आहे. दोन्हींचे तिकीट वेगळे असते. दोन्हींना एकेक दिवस लागतो. एका दिवसात दोन्ही उरकू म्हणणारा माणूस एकतर तिथे कधी गेलेला नसतो, नाहीतर त्याच्याबरोबर मुले नसतात.

आता आमची हकीगत. 2023 च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही साताऱ्याहून निघालो. नऊ माणसे. आई, आत्या, दादा, वहिनी, आम्ही दोघे आणि तीन मुले. धाकटा चार वर्षांचा, मधली नऊ, थोरली तेरा वर्षांची. भाड्याची मोठी गाडी केली. पैसे वर्षभर भिशीत टाकले होते. सगळे घर एकत्र बाहेर पडायची ही सहा वर्षांतली पहिलीच वेळ.

म्हणून झाले काय, की बेत वाढत गेला. आत्या म्हणाली, "वाटेवर कार्ल्याची एकवीरा आहे, तेवढं दर्शन घेऊ." वहिनींना लोणावळा पाहायचे होते. मुलांना दोन्ही पार्क हवे होते. आईने एवढेच म्हटले, "अरे, पाली तिथून जवळ आहे म्हणतात. बल्लाळेश्वराचं राहिलंय माझं." मग पाली आली. पाली आली म्हणून महडचा वरदविनायक आला, कारण तोही खोपोलीजवळच. हे सगळे दोन दिवसांत, शनिवारी आणि रविवारी. कागदावर सगळे छान बसले. कागदाला गुडघे नसतात आणि त्याला झोपही येत नाही.

राहायचे कुठे, याचा विचार आम्ही सर्वांत शेवटी केला. तोही फक्त भाडे पाहून. ओळखीच्या माणसाने लोणावळ्याला तीन खोल्या स्वस्तात मिळवून दिल्या. एका खोलीला 1,200 रुपये. पार्कच्या जवळपास चौकशी केली होती, तिथे 2,200 च्या खाली कोणी बोलेना. रात्रीचे 3,000 रुपये वाचले म्हणून आम्ही खुशीत होतो.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. लोणावळा घाटाच्या वर. खोपोली घाटाच्या पायथ्याशी. इमॅजिका खोपोलीच्याही पुढे, पालीच्या वाटेवर. लोणावळ्याहून अंतर तीसेक किलोमीटर. तीस किलोमीटर म्हणजे पाऊण तास, असे आम्ही धरले. पण ते घाटाचे तीस किलोमीटर होते, आणि वार शनिवार होता.

पहाटे चारला निघालो. एकवीरेच्या पायऱ्या चढताना आई निम्म्यावर बसली. खाली उतरून पार्कच्या दारात पोचेपर्यंत साडेबारा वाजले. पार्क साडेदहा-अकराच्या सुमारास उघडते, म्हणजे पैसे भरलेला दीड-दोन तासांचा वेळ दारातच गेला. (वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, म्हणून आधी फोन करून विचारावे.) तिथे मुलांचे तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरते. मोठ्या पाळण्यांवरही उंची मोजूनच घेतात. धाकट्याला निम्म्या पाळण्यांवर घेतले नाही. आई आणि आत्या एका सावलीच्या बाकावर बसून होत्या. दोघींचे पुरे तिकीट काढलेले.

संध्याकाळची मिरवणूक पाहून आठला बाहेर पडलो. घाटात गाड्यांची रांग लागली होती. धाकट्याला वळणांवर दोनदा ओकारी झाली. खोलीवर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते आणि तिथले स्वयंपाकघर बंद झाले होते. पुन्हा गाडी काढून ढाब्यावर गेलो. खोल्या पहिल्या मजल्यावर होत्या, हे आम्ही विचारलेच नव्हते. संडासही बैठे होते. आईचे पाय सुजले होते. ती कठडा धरून एकेक पायरी चढली आणि न जेवताच निजली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना उशिरा जाग आली. पुन्हा तोच घाट उतरलो. पाण्याच्या पार्कात साडेअकराला शिरलो आणि महड-पाली राहिली आहे म्हणून अडीच वाजता मुलांना ओढून बाहेर काढले. महडला दर्शन झाले तेव्हा चार वाजून गेले होते. पाली तिथून उलट्या दिशेला, खोपोलीपासून अडतीस किलोमीटर. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, आता पाली केली तर साताऱ्याला रात्रीचे दोन वाजतील." दादांना सोमवारी सकाळची पाळी होती. गाडी पुण्याकडे वळवली.

आई काही बोलली नाही. तिने बल्लाळेश्वरासाठी घरून नारळ आणला होता. तो पिशवीतून तसाच घरी परत आला. दोन दिवस आम्ही पालीच्याच रस्त्यावर होतो, पाट्यांवर पालीचे नाव वाचत होतो आणि पालीला पोचलो नव्हतो.

घरी आल्यावर हिशेब मांडला. खोल्यांत वाचले 3,000. घाटाच्या जादा साठ किलोमीटरला, अठरा रुपये दराने, 1,080 गेले. टोल आणि चहापाणी यांत 400. ढाब्यावरचे जेवण ठरवल्यापेक्षा 800 रुपये जास्त. हाती उरले 720. तेवढ्यासाठी पाण्याच्या पार्कातला अर्धा दिवस गेला आणि आईचे दर्शन राहिले.

मग चूक कुठे झाली? लोणावळ्यात काही वाईट नाही. लोणावळा पाहायला जाणाऱ्याने लोणावळ्यालाच राहावे. चूक अशी की मुक्काम शेवटी ठरवला. मुक्काम आधी ठरवायला बसलो असतो, तर तेव्हाच लक्षात आले असते की या बेताला एक मुक्काम पुरणारच नाही. एकवीरा घाटाच्या वर, पार्क घाटाच्या खाली, पाली त्याच्या पुढे. कुठेही राहिलो तरी काहीतरी लांबच पडणार. अशा वेळी मुक्काम शोधत बसू नये. बेतातली दोन नावे खोडावीत.

हे कळायला आम्हांला वर्ष लागले. 2024 च्या दिवाळीनंतर पुन्हा बेत निघाला, तेव्हा वहिनींनी कागद हातात घेतला. त्यांनी आधी विचारले, "पार्क सुटल्यावर सगळ्यांत जास्त दमलेलं कोण असणार?" आई आणि धाकटा. "मग त्या दोघांना रात्री नऊ वाजता कुठं असायला हवं?" तिथून पुढे सारे विचार झाले.

पार्कच्या दारातच एक मोठे हॉटेल आहे, 2015 पासून. दोन्ही पार्क दोन दिवस करायचे असतील, लहान मुले असतील आणि पैशाची ओढ नसेल, तर ते सोयीचे. पार्क सुटले की चालत खोलीवर. पण एकाच दिवसासाठी ते भाडे देणे आम्हांला पटले नाही. खोपोलीत साधे लॉज आहेत. कर्जतहून खोपोलीला लोकल येते, म्हणून रेल्वेने येणाऱ्याला खोपोलीच बरी. मात्र तिथे लोकल थोड्या आहेत. एक चुकली तर पुढचीची बरीच वाट पाहावी लागते. पनवेलला आमची मावशी आहे. ती आनंदाने ठेवून घेईल. पण नऊ माणसांनी रात्री दहाला दमून कोणाच्या घरी जायचे, तिने तोवर जेवण झाकून बसायचे आणि आपण दोन घास खाऊन आडवे व्हायचे, हे काही बरे नव्हे. पाहुण्याने घरच्यांशी चार शब्द बोलायला हवेत.

दादा म्हणाले, "आपण पालीलाच राहिलो तर?"

पालीला देवस्थानचा भक्तनिवास आहे, गावात लॉजही आहेत. पार्क तिथून पंचवीसेक किलोमीटर, आणि मध्ये खंडाळ्यासारखा घाट नाही. पण खरा फायदा आमच्या ध्यानात नंतर आला. आई आणि आत्याला पार्कात जायचेच नव्हते! आदल्या वर्षी त्या आल्या, कारण त्यांना लोणावळ्यात एकटे ठेवून काय करायचे, हा प्रश्न होता. पालीला तो प्रश्नच नव्हता. देऊळ जवळ, बाजार जवळ, दुपारी पाठ टेकायला खोली. दोन तिकिटे वाचली, त्यांत खोलीचे भाडे बरेचसे निघाले. बरोबर येणाऱ्या सगळ्यांनी सगळीकडे गेलेच पाहिजे, असा आपला एक समज असतो. त्यातून म्हाताऱ्या माणसांचे फार हाल होतात.

या वेळी खोल्या घेण्याआधी वहिनींनी फोनवर एवढे प्रश्न विचारले की आम्हीच ओशाळलो. खोली तळमजल्यावर आहे का? कमोड आहे का? गरम पाणी किती वाजता येते? रात्री नऊनंतर जवळपास जेवण मिळेल का? सांगता ते भाडे कर धरून की कर सोडून? जादा गादीचे वेगळे पैसे का? खोली किती वाजता ताब्यात मिळेल, किती वाजता सोडायची? ड्रायव्हर कुठे झोपणार? हा शेवटचा प्रश्न आम्ही पहिल्या वेळी विचारला नव्हता. तो बिचारा गाडीत पाय दुमडून झोपला होता आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच आम्हांला घाट उतरवला. आता अंगावर काटा येतो.

आणखी एक सावधगिरी सांगायला हवी. हल्ली मोबाईलवर खोट्या बंगल्यांची आणि खोट्या भक्तनिवासांची जाहिरात करून आगाऊ पैसे उकळणारे लोक आहेत. फोटो पाहून पैसे पाठवू नयेत. देवस्थानच्या कार्यालयात, नाहीतर गावातल्या कोणा माहितगाराकडे नंबर पडताळून घ्यावा. शक्य असेल तर थोडी रक्कम आधी देऊन बाकीची तिथे पोचल्यावर द्यावी. मोठ्या माणसांची आधार कार्डे बरोबर ठेवावीत, खोली देताना ती मागतात.

बेत असा ठरला. मंगळवारी सावकाश निघून दुपारी पाली गाठायची. बुधवारी इमॅजिका, फक्त एकच पार्क. गुरुवारी परतताना वाटेवर महड, आणि घर. एकवीरा खोडली, लोणावळा खोडला, पाण्याचे पार्कही खोडले. पाण्याच्या पार्कावरून थोरली दोन दिवस फुगून बसली होती. तिची समजूत पुरती पटली नाही, आणि खरे सांगायचे तर तिचे बरोबरच होते. तिचाच एक बेत गेला होता.

मधल्या वारी गेलो म्हणून गर्दी कमी होती. पार्क उघडायच्या आधी दारात हजर होतो. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, म्हणून मुलांना पालीलाच पोटभर पोहे खाऊ घातले होते. धाकट्याची उंची वाढली होती. गेल्या वेळी नाकारलेल्या दोन पाळण्यांवर त्याला या वेळी घेतले. सातला निघालो, आठला खोलीवर. कोणाला ओकारी नाही, की कोणाची रडारड नाही.

आई ओट्यावर बसली होती. धाकट्याने धावत जाऊन तिला सांगितले, "आजी, मी सहा पाळण्यांत बसलो!"

"हो का रे? आणि मी तीनदा देवळात जाऊन आले," आई म्हणाली. "सकाळी, दुपारी आणि आत्ता दिवेलागणीला. नारळ सकाळीच फोडला." आणि पदराच्या टोकाची गाठ सोडून तिने त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.